ग्वाटेमालातल्या अँटिग्वाला एकटीने जायचंय, अनुभव हवेत

कृष्णाकाठची:

नमस्कार मंडळी. मी मूळची सांगलीची, सध्या ह्यूस्टनला नोकरीला. फेब्रुवारीच्या शेवटी दोन आठवड्यांची रजा मंजूर झाली आहे आणि ती ग्वाटेमाला देशातल्या अँटिग्वा या छोट्या शहरात काढायची असं डोक्यात आहे. (कॅरिबियनमध्ये याच नावाचं बेट आहे, ते नव्हे.) सकाळी स्पॅनिशची शिकवणी, दुपारी पायी भटकंती, जमलं तर एखादा ज्वालामुखी. बेत एवढाच. सोबत कोणी नाही. मैत्रिणींच्या रजा काही केल्या जुळत नाहीत आणि आता मला थांबायचं नाही.

अमेरिकेत एकटीने गाडी घेऊन फिरले आहे, हिमालयात ट्रेक केलेत ते मात्र ग्रुपबरोबर. स्पॅनिश मोडकंतोडकं, किंमत विचारण्यापुरतं. यूट्यूबवर बघावं तर एक जण म्हणते स्वर्ग आहे, दुसरा म्हणतो पाऊल टाकू नका. मला हवं ते दोघांकडूनही कळत नाही. संध्याकाळी जेवून एकटीने घरी चालत येता येतं का? विमानतळ राजधानीत आहे, तिथून पुढे कसं जायचं? कुणाच्या घरी राहणं बरं की हॉस्टेल? मी अंडी खाते, मांस-मासे नाही. जेवणाचे हाल होतील का? आणि आईला अजून सांगितलेलं नाही. तिला खोटा धीर द्यायचा नाहीये. खरं आणि नेमकं काय सांगू, हेही कोणी सुचवलं तर बरं होईल.

घाटमाथा:

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने ग्वाटेमाला बराच काळ तिसऱ्या पातळीवर ठेवला आहे, म्हणजे जायचं की नाही याचा फेरविचार करा. त्या सूचनेत दरोडे, खंडणी, रस्त्यांवरची लूट सगळं लिहिलेलं आहे. मला तुमच्याच वयाची मुलगी आहे. तिने विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, जा, पण चार जणांत जा. एकट्या बाईने भाषा येत नसताना जायची ही जागा नव्हे असं माझं प्रामाणिक मत आहे.

सोनटक्का:

कृष्णाकाठची, मी गेले आहे. एकटीच, आणि नंतरही जात राहिले. मीसुद्धा ह्यूस्टनचीच, नर्स आहे. आमच्याकडे येणाऱ्या बाळंतिणींमध्ये ग्वाटेमालाच्या पुष्कळ जणी असतात. कळा देणाऱ्या बाईशी फोनवरच्या दुभाष्यामार्फत बोलायचं माझ्या जिवावर यायचं, म्हणून पन्नाशीच्या तोंडावर अँटिग्वा गाठलं. तिथे एका विद्यार्थ्याला एक शिक्षिका अशीच शिकवणी असते, समोरासमोर टेबलाशी बसून, साधारण रोज सकाळी चार तास. त्यासाठी कुठून कुठून लोक येतात आणि त्यांत एकट्या आलेल्या बायका खूप असतात. तिथे तू एकटी दिसलीस म्हणून कोणी वळून बघणार नाही.

घाटमाथा यांनी लिहिलंय ते खोटं नाही, पण ते अख्ख्या देशाबद्दल आहे. तुला राहायचंय ते गाव आठ-दहा उभ्या आणि तितक्याच आडव्या रस्त्यांच्या चौकटीत बसतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत अर्धा तासही लागत नाही. म्हणून मी तुला गल्ली आणि वेळ धरूनच सांगते.

आधी दिशा. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या रस्त्यांना आवेनिदा म्हणतात, पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना काये. सगळ्यांना क्रमांक आहेत आणि मधल्या चौकापासून, म्हणजे पार्के सेंत्रालपासून, त्यांच्या बाजू मोजायच्या. दक्षिणेला आग्वा नावाचा ज्वालामुखी गावाच्या अंगावर आल्यासारखा उभा असतो, ३,७६० मीटर उंच. ढग नसले की तो जवळपास प्रत्येक उभ्या रस्त्याच्या टोकाला दिसतो. दुसऱ्या दिवसापासून तुला फोन बाहेर काढावा लागणार नाही, आणि रस्त्यात उभं राहून फोनमध्ये बघणं टळलं की निम्मी काळजी मिटते.

आता संध्याकाळ. चौक, पिवळ्या कमानीचा तो पाचव्या आवेनिदाचा रस्ता, ला मेर्सेद चर्चसमोरचं पटांगण, एवढ्या भागात रात्री नऊपर्यंत माणसं असतात. शनिवारी त्याहून उशिरापर्यंत. पोरंटोरं, म्हातारे जोडीने बसलेले, टोस्टाडा आणि मक्याची गरम आतोल विकणाऱ्या बायका. तिथून मी एकटी चालत आले आहे आणि तूही येशील. पण एक गोष्ट नीट लक्षात घे. तिथली जुनी घरं रस्त्याकडे पाठ करून बसतात. सगळं जगणं आतल्या अंगणात, बाहेर नुसती लांबलचक रंगीत भिंत आणि एक जाड लाकडी दार. दिवसा दारं उघडी असतात, दुकानं असतात, तोवर रस्ता जिवंत. दारं लागली की त्याच रस्त्यावर दोन भिंतींमध्ये फक्त तू उरतेस आणि कोणाची खिडकीही तुझ्याकडे बघत नसते. म्हणून माझा तिथला नियम घड्याळाचा नव्हता. पुढच्या तुकड्यात उघडं दार, दिवा लागलेलं दुकान, काहीतरी दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर मी मागे फिरून गाडी बोलवायचे, घर चार मिनिटांवर असलं तरी. उबर तिथे चालते. बाजारापलीकडे, बस अड्ड्याच्या बाजूला मात्र अंधार पडल्यावर जाऊच नकोस. ती जागा सकाळची आहे.

सेर्रो दे ला क्रूस ही उत्तरेची टेकडी, वर मोठा दगडी क्रूस आणि खाली सगळं गाव. पूर्वी त्या पायवाटेवर प्रवाशांना लुटायचे, म्हणून आता दिवसा पर्यटन पोलीस असतात. सकाळी जा. तेव्हा आग्वाचं शिखरही मोकळं असतं, दुपारपर्यंत बहुतेकदा ढग चढतात. वर गेलीस की गावाची सगळी आखणी पायाखाली दिसते, छपरं गेलेल्या चर्चच्या भिंतीही. १७७३ च्या भूकंपांनी हे गाव मोडलं तेव्हा ते सगळ्या मध्य अमेरिकेच्या स्पॅनिश कारभाराची राजधानी होतं. १७७६ मध्ये राजधानी हलवली, आजचं ग्वाटेमाला सिटी ते हेच. मागे राहिलेल्या लोकांनी पडक्या भिंतींच्या आधाराने पुन्हा घरं उभी केली. युनेस्कोने १९७९ मध्ये जागतिक वारसा म्हणून घेतलं ते हेच पडझडीसकटचं गाव.

खरी काळजी घ्यायची ती येण्याजाण्याच्या रस्त्यांवर. ला आउरोरा विमानतळापासून अँटिग्वा साधारण ४० किलोमीटर, पण राजधानीच्या गर्दीत त्याला एक तासही लागतो आणि दोनही. ह्यूस्टनहून विमान तीन तासांचं आहे, तेव्हा सकाळचंच घे म्हणजे उजेडात पोचशील. शाळेला किंवा घरमालकिणीला सांगून ठेवलंस तर त्या ओळखीची शटल पाठवतात, ड्रायव्हर तुझ्या नावाची पाटी घेऊन उभा असतो. राजधानीत उतरून बस बदलणं, तिथे हिंडणं, एवढं या खेपेला टाळ.

एटीएम बँकेच्या आत असलेलंच वापर. भिंतीतल्या मशीनमध्ये कार्डाची नक्कल होण्याचे प्रकार या गावात होतात. माझ्या वर्गातल्या एका मुलीचं खातं असंच रिकामं झालं. डॉलरला पावणेआठ केत्साल असा साधारण भाव धर आणि सुट्टे जवळ ठेव.

राहायचं म्हणशील तर घर. डोळे मिटून घर. हॉस्टेलात ओळखी लवकर होतात हे खरं, पण त्या तुझ्यासारख्याच आज आलेल्या आणि परवा जाणाऱ्या लोकांशी. घरात एक बाई असते जिला तू रात्री आली नाहीस तर कळतं. माझी घरमालकीण सत्तरीची होती. पहिल्या दिवशी तिने मला अंगणातली पिला दाखवली. पिला म्हणजे सिमेंटचं धुणं-भांड्यांचं मोठं कुंड, मधे पाण्याची टाकी आणि दोन बाजूंना खरबरीत उतार. मधल्या पाण्यात साबणाचा हात बुडवायचा नाही, वाडग्याने पाणी घ्यायचं आणि बाजूच्या उतारावर घासायचं. त्या एका कुंडावर सकाळी सगळ्या घराच्या गप्पा व्हायच्या. माझं निम्मं स्पॅनिश तिथलं आहे. कोणत्या गल्लीत कालपासून दिवे नाहीत, कोणती बस आज बंद, कोणाच्या मुलाने गाडी लावली म्हणून कुठला रस्ता अडला, सगळं तिथे कळायचं. असली माहिती कुठल्याच ॲपवर मिळत नाही.

एवढं आत्ता. जेवणाचं उद्या लिहिते, ड्यूटीची वेळ झाली.

रानभैरी:

सोनटक्का ताईंना पूर्ण अनुमोदन. ज्वालामुखीबद्दल मी लिहिते, कारण मी आकातेनांगो एकटीच्या प्रवासात केला आहे. एकटीने चढले नाही, गाइडबरोबर. तो एकटीने करायचाच नाही.

उंची ३,९७६ मीटर. पहिल्या दिवशी चढून वरच्या कँपच्या तळावर मुक्काम, दुसऱ्या दिवशी पहाटे शिखर. समोर फुएगो, शेजारचा जागा ज्वालामुखी. तो दिवसरात्र थोड्या थोड्या वेळाने उसळत असतो, आधी लाल दिसतं आणि मग काही क्षणांनी आवाज पोचतो. आयुष्यात एकदा बघावं असं आहे ते, अतिशयोक्ती नाही. पण लोक ग्वाटेमाला म्हणजे उष्ण देश समजून पातळ कपड्यांत येतात. २०१७ च्या जानेवारीत या डोंगरावर सहा गिर्यारोहक थंडीने गेले, आणि ते तिथलेच लोक होते. तेव्हा हिमालयात नेलेले सगळे थर ने, डोक्यापासून पायांपर्यंत. अँटिग्वा १,५०० मीटरवर आहे, तिथे तीन-चार दिवस राहून मग जा, श्वासाला बरं पडतं.

तळावरून फुएगोच्या धारेवर नेणारी आणखी एक जादा चढाई गाइड सुचवतात. ती करू नका असं माझं मत. ३ जून २०१८ ला याच फुएगोच्या राखेच्या लोंढ्याने सान मिगेल लोस लोतेस हे गाव काही मिनिटांत गाडलं, शेकडो माणसं गेली. त्याच्या अंगावर चढून फोटो काढायला जाणं मला पटत नाही. लांबून दिसतो तेवढा पुरे.

बायकांसाठी एक. नोंदवतानाच विचारा की ग्रुपमध्ये आणखी बायका आहेत का, आणि तंबू किंवा खोलीत कोणाबरोबर झोपायचं आहे. विचारायला संकोच करू नका. धड उत्तर देत नाहीत त्यांच्याबरोबर जायचं नाही. एवढं चढायचं नसेल तर पाकाया ज्वालामुखी आहे, अर्ध्या दिवसाचा.

कृष्णाकाठची:

सोनटक्का ताई, रानभैरी, खूप खूप आभार. दारांबद्दल लिहिलंत ते वाचून पहिल्यांदा मला तो रस्ता डोळ्यांसमोर आला. घरातच राहायचं हे नक्की केलं.

आणखी विचारते. माझा एच-वन-बीचा (अमेरिकेच्या नोकरीच्या व्हिसाचा) शिक्का पासपोर्टवर अजून वैध आहे. ग्वाटेमालाचा वेगळा व्हिसा लागेल का? आणि परत येताना काही अडचण? शिवाय तिथल्या रंगीत बसमध्ये बसावं की नाही? रानभैरी, आतित्लान सरोवराला एकटीने जाणं कसं वाटतं?

घाटमाथा काका, राग अजिबात नाही. आईही नेमकं हेच म्हणणार आहे.

सोनटक्का:

व्हिसाचं आधी. अमेरिकेचा वैध व्हिसा असलेल्या भारतीयांना वेगळा व्हिसा न घेता आत सोडतात. पण हे नियम बदलतात आणि विमानात बसवायचं की नाही हे काउंटरवरचा माणूस ठरवतो, म्हणून ह्यूस्टनमध्येच त्यांची वकिलात आहे तिथे विचार आणि उत्तर लेखी घे. त्याहून महत्त्वाचं परतीचं. मेक्सिको-कॅनडाला थोड्या दिवसांसाठी जाऊन संपलेल्या शिक्क्यावर परत येण्याची सवलत असते, ती ग्वाटेमालाला लागू नाही. तुझा शिक्का परतीच्या तारखेपर्यंत वैध असला पाहिजे. तारीख आजच बघ, तिकीट त्यानंतर. आणि ग्वाटेमाला, एल साल्वादोर, होंडुरास, निकाराग्वा या चार देशांचे मिळून ९० दिवस धरतात. तुझ्या दोन आठवड्यांना त्याचा प्रश्न नाही, पण पुढे कधी लांबवलंस तर माहीत असू दे.

बस. अमेरिकेतल्या शाळांच्या निवृत्त पिवळ्या बस तिथे नेऊन रंगवतात, क्रोम लावतात, देवाचं नाव लिहितात. लांबच्या प्रवासाला, राजधानीकडे किंवा रात्री त्यात अजिबात बसू नकोस. ड्रायव्हरांकडून खंडणी वसूल करणाऱ्या टोळ्या आहेत, त्यातून गोळीबार होतात. घाटाघाटात वेग भलता असतो. शेजारच्या गावाला दिवसाढवळ्या दहा-पंधरा मिनिटं जायचं असेल तर मी बसले आहे. पुढच्या बाकावर, बायकांजवळ, पिशवी मांडीवर. गावात हिंडायला रिक्षा आहेत, आणि त्या आपल्या बजाजच्या! पहिल्या दिवशी लाल रिक्षा समोर येऊन थांबली तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. मीटर नाही, बसण्याआधी भाडं ठरव.

तशा छोट्या पल्ल्याच्या बसने एका ठिकाणी नक्की जा, सान आन्तोनियो आग्वास कालिएन्तेसला. काकचिकेल माया लोकांचं विणकरांचं गाव. तिथे बायका कमरेच्या मागावर विणतात. मागाचं एक टोक खांबाला बांधलेलं, दुसरं पट्ट्याने स्वतःच्या कमरेला. विणणारी गुडघ्यांवर बसते आणि नुसतं मागे रेलून ताणा ताठ करते, पुढे झुकून सैल सोडते. सगळा ताण तिच्या पाठीचा. मी ज्या बाईकडे शिकायला बसायचे, ती पोपटाची नक्षी भरत होती. मोजणी कागदावर कुठे नव्हती, बोटांनी धागे उचलत जायची आणि मधेच माझ्याशी बोलायची. तिने कापड उलटून दाखवलं तर मागची बाजू पुढच्यासारखीच, एक गाठ नाही, लोंबता धागा नाही. आपल्या खऱ्या पैठणीचा पदर असतो तसा. मला एका दुपारी चार बोटं पट्टी जमली आणि दुसऱ्या दिवशी कंबर धरली होती. तिथल्या बायकांची नक्षीदार पोलकी, म्हणजे हुईपिल, पुरी व्हायला महिने लागतात. तेव्हा किंमत सांगितली की घासाघीस करताना त्या पाठीची आठवण ठेव.

आणि हे मनापासून सांगते. लहान मुलांचे फोटो काढू नकोस. रस्त्यात मूल कितीही गोड असलं तरी जवळ घेणं, खाऊ देणं नको. परके लोक मुलं पळवतात ही भीती तिथल्या डोंगरी गावांत खोल आहे, आणि अशाच अफवेवरून २००० साली तोदोस सान्तोस गावात एका जपानी पर्यटकाला जमावाने मारलं होतं. अँटिग्वात असं वातावरण नाही, पण आजूबाजूच्या गावांत मोठ्या माणसांचा फोटोही विचारून. नाही म्हणाले तर हसून सोडून द्यायचं.

जेवण. हाल होणार नाहीत. सकाळी अंडी, काळ्या घेवड्याची घोटलेली उसळ, तळलेली केळी, ताजं चीज आणि मक्याच्या गरम टोर्टिया. त्या चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याच्या असतात, हातावर थापतात, कोपऱ्याकोपऱ्यावर थापण्याचा आवाज येतो. दुपारी ग्वाकामोल, चिपिलिनच्या पाल्याचे तामालितो, म्हणजे मक्याच्या पिठाचे वाफवलेले उंडे. पेपियान ही त्यांची मानाची करी, तीळ आणि भोपळ्याच्या बिया भाजून केलेल्या वाटणाची. ती मुळात कोंबडीची, पण माझ्या घरमालकिणीने मला भाज्या घालून करून दिली होती आणि तिची बहीण ते बघायला आली होती. मांस नको म्हणालीस तर चिकन चालेल असं धरतात, म्हणून कोंबडी नको, मासे नको, रस्सासुद्धा नको, असं सगळं नाव घेऊन सांग. उसळीत आणि तामालितोत डुकराची चरबी असू शकते, तेही विचार. गोड खायला रेयेनितो, पिकल्या केळ्याच्या लगद्यात घेवड्याचं गोड पुरण भरून तळतात. पाणी बाटलीचं किंवा मोठ्या जारचंच पी.

शिवाय वेलदोडा. ग्वाटेमाला जगातल्या सगळ्यात मोठ्या वेलदोडा पिकवणाऱ्या देशांपैकी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका जर्मन मळेवाल्याने भारतातून नेलेली रोपं. आता आल्ता वेरापासच्या डोंगरांत पिकतो आणि त्यातला मोठा भाग अरब देशांना जातो. माझ्या घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात तो नव्हताच. मी बाजारातून आणून तिला चहा करून दिला, मग रोज दुपारी शेजारणी येऊ लागल्या.

रानभैरी:

आतित्लान एकटीने जरूर जा, फक्त शटलने आणि सकाळच्या. पानाहाचेलपर्यंत अडीच-तीन तास. तिथून गावोगावी होड्या जातात. दुपारनंतर शोकोमिल नावाचा वारा सुटतो, होडी पाण्यावर अक्षरशः आपटते, म्हणून ये-जा दुपारच्या आत उरकायची. सरोवराकाठच्या गावांमधल्या पायवाटा नकाशावर सुंदर दिसतात, पण त्यांवर लुटीचे प्रकार झाले आहेत. एकटीने नाही, स्थानिक गाइड घेऊन. पहाटे सूर्योदय बघायला डोंगरावर जातात तिथेही हेच.

आणि तारखा बघितल्यास का? फेब्रुवारीअखेर म्हणजे कोरडा ऋतू, आणि बहुतेक ईस्टरआधीचा लेंटचा उपासकाळ सुरू झालेला असेल. ईस्टरच्या आठवड्यात अँटिग्वात पाय ठेवायला जागा नसते आणि खोल्या महिनोन्‌महिने आधी जातात. पण लेंटच्या रविवारी मिरवणुका असतात, जांभळ्या झग्यांतले लोक प्रचंड लाकडी पालखी खांद्यावर घेऊन डोलत चालतात, रस्त्यावर रंगवलेल्या भुशाचे आणि फुलांचे गालिचे घातलेले असतात. गालिचा रात्रभर बसून घालतात आणि मिरवणूक त्यावरून जाते. त्या गर्दीत खिसेकापू असतात, पासपोर्ट घरी ठेवून जा, त्याची प्रत जवळ असू दे.

घाटमाथा:

सगळे प्रतिसाद नीट वाचले. इतकं तपशिलात कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. माझं मत थोडं बदललं आहे, पूर्ण नाही. तिथे काही झालंच, आजारपण किंवा चोरी, तर भाषा न येणाऱ्या मुलीने कोणाला गाठायचं? आई हेच विचारेल.

सोनटक्का:

रास्त प्रश्न आहे, घाटमाथा. तिथे १५०० हा पर्यटकांच्या मदतीचा क्रमांक आहे, दिवसरात्र, इंग्रजीतही बोलतात. भारताचा दूतावास २०११ पासून ग्वाटेमाला सिटीत आहे. त्याचा फोन आणि पत्ता आईच्या डायरीत लिहून दे, नुसता मोबाइलमध्ये नको. मोठ्या आजारपणाला राजधानीतली खासगी रुग्णालयं चांगली आहेत, पण पैसे आधी मागतात, म्हणून प्रवासाचा विमा घे आणि त्यात उंचीवरचा ट्रेक धरलाय का ते वाचून बघ. बऱ्याच विम्यांत ठरावीक उंचीच्या वर काही मिळत नाही. पोहोचल्यावर तिथलं सिम घे, तिगो किंवा क्लारो. तिथे सगळा कारभार व्हॉट्सॲपवर चालतो.

आईला मी असं सांगेन. मुलगी एका बाईच्या घरी राहणार आहे, त्या बाईचं नाव आणि पत्ता हा. रोज सकाळी शाळा. अंधार पडल्यावर गावाबाहेर जाणार नाही. डोंगरावर गाइडबरोबर जाणार, त्या रात्री फोन लागणार नाही, आणि ती तारीख आधी कळवेल. तिथे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा सांगलीत सकाळचे साडेसात. रोज त्या वेळेला व्हिडिओ कॉल कर आणि पहिल्याच दिवशी घरमालकिणीला शेजारी बसव. माझ्या आईला आणि तिला एकमेकींचा शब्द कळत नव्हता. दोघी एकमेकींना स्वयंपाकघर दाखवत बसल्या. त्या दिवसानंतर आईने मला कधी येणार विचारलं, पण सुरक्षित आहेस ना हे विचारलं नाही.

कृष्णाकाठची:

आत्ताच शिक्क्याची तारीख बघितली, पुढच्या वर्षीपर्यंत आहे. वकिलातीला मेल केला. आईला रविवारी सांगते, ताईंनी लिहिलंय तसंच, जसंच्या तसं.

रानभैरी, आकातेनांगोसाठी थंडीचे कपडे तिथे भाड्याने मिळतात असं वाचलं. इथून न्यायचे की तिथे घ्यायचे?

रानभैरी:

जॅकेट, हातमोजे, कानटोपी तिथे भाड्याने मिळतात आणि ठीक असतात, पण घेण्याआधी चेन लावून बघ. आतले लोकरीचे थर आणि मोजे मात्र स्वतःचेच ने. आणि बूट आधी घालून रुळलेले हवेत. चढाची माती भुसभुशीत आहे, उतरताना पाय घसरत जातात आणि अँटिग्वाचे गोटे बसवलेले रस्तेही पायांना सोडत नाहीत. कपड्यांची यादी हवी तर विचार, टाकते.